स्क्रॅपबुकमधलं फोटो मॅटिंग: ९ पद्धती, कागदाची मापं आणि कामाचा हिशोब



घरातून स्क्रॅपबुक अल्बम बनवून विकायचं ठरवलं की पहिली खरेदी ठरलेली असते. स्टिकर, कागदी फुलं, लेस, मोती, चमकी. हजार-दीड हजार रुपये तिथेच जातात. मग अल्बम तयार होतो आणि ग्राहक म्हणतं, "छान आहे, पण एवढे पैसे?" पान भरलेलं असतं, पण त्यातला फोटो हरवलेला असतो.

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ज्यावर काम केलं, तो मॅट म्हणजे यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. व्हिडिओत हात दिसतात, पण मापं पटकन लक्षात राहत नाहीत. म्हणून ती इथे लिहून दिली आहेत. सोबत हिशोबही आहे, कारण मॅटवरच अल्बमची शोभा वाढते आणि मॅटवरच नकळत नफा गळतो.

मॅट म्हणजे काय?

फोटोच्या मागे त्याच्यापेक्षा थोडा मोठा कागद लावायचा, म्हणजे चारी बाजूंनी त्याची कड दिसते. हा झाला मॅट. तसबिरीला फ्रेम करून देणारे दुकानदार ज्याला माउंट म्हणतात, त्याचाच हा भाऊ. काम एकच: फोटो आणि मागचं नक्षीदार पान यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा तयार करणं. ती जागा मिळाली की नजर आधी फोटोवर जाते आणि मग सजावटीकडे वळते.

आपल्याकडच्या फोटोंना याची जास्त गरज आहे. लग्नाचा फोटो घ्या. शालू, हार, मुंडावळ्या, मंडपाची फुलं, मागे पाहुण्यांच्या साड्या. फोटोतच इतके रंग असतात की फुलाफुलांच्या कागदावर तो थेट चिकटवला तर सगळी गर्दी होते. अशा फोटोला साधा, एकरंगी मॅट द्या. फोटो जितका रंगीत, तितका मॅट शांत ठेवा.

रंग निवडायची सोपी युक्ती: फोटोत जो रंग सगळ्यात जास्त आहे तो घेऊ नका, थोडासाच दिसणारा रंग घ्या. नवरीची साडी हिरवी आणि ब्लाउजचा काठ जांभळा असेल, तर जांभळा मॅट लावून बघा. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोला मळकट पांढरा, राखाडी किंवा गडद मरून शोभतो. झगझगीत पांढरा टाळा, त्याच्यापुढे जुना फोटो पिवळट दिसतो.

आधी साहित्य

फार लागत नाही. कटर, कटिंग मॅट, स्टीलची पट्टी, पेन्सिल, फोटोला चालणारी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि कार्डशीट. मॅटसाठी १८० ते २५० जीएसएमचा कागद पुरतो. त्याहून पातळ कागद वाकतो आणि खूप जाड घेतला तर अल्बम फुगतो.

ओला गोंद टाळा. कागद एका बाजूने ओला झाला की त्याचे तंतू फुगतात आणि वाळताना पान वळतं. घरची पिठाची खळ तर अजिबात नको. पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि कसर व झुरळांना आयतं जेवण मिळतं.

मापासाठी या लेखात आपण सुताराची भाषा वापरू. १ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, २ सूत म्हणजे पाव इंच, ४ सूत म्हणजे अर्धा इंच.

९ पद्धती

खालची सगळी मापं ४ × ६ इंचाच्या फोटोसाठी आहेत. लॅबमधून आलेला फोटो आधी मोजून घ्या, एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक असतो.

१. साधा मॅट. चारी बाजूंनी २ सूत. कागद ४½ × ६½ इंच. अल्बममधले बहुतेक फोटो यावरच बसवा. साधा आहे म्हणून कंटाळू नका. चारी कडा तंतोतंत सारख्या आल्या की हाच मॅट सगळ्यात महागडा दिसतो.

२. दुहेरी मॅट. फोटोला लागून १ सूत दिसेल असा फिकट कागद (४¼ × ६¼) आणि त्यामागे गडद कागद (५ × ७). आत १ सूत, बाहेर ३ सूत. दोन्ही कडा सारख्या रुंदीच्या ठेवल्या तर नुसते पट्टे दिसतात. एक बारीक आणि एक रुंद असेल तरच मजा येते.

३. खाली जागा सोडलेला मॅट. वर आणि बाजूंना २ सूत, खाली पूर्ण १ इंच. आडव्या फोटोला कागद ६½ × ५¼ इंच लागतो. खालच्या जागेत हाताने लिहा: "बाळाचं बारसं, घरच्या ओसरीवर." वेगळी चिठ्ठी चिकटवायची गरज उरत नाही.

४. फाटकी कड. ज्या कार्डशीटचा गाभा पांढरा असतो ती फाडली की पांढरी, मऊ कड दिसते. एका दिशेने फाडलं तर ही कड वर येते, उलट दिशेने फाडलं तर लपते. आधी तुकड्यावर फाडून बघा. हातकागद असेल तर जिथे फाडायचं तिथे ओल्या ब्रशने रेघ ओढा, मिनिटभर थांबा आणि हळू ओढा. कडेला तंतू सुटे होतात, फार सुंदर दिसतात. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे. तिकडे गेलात तर कागद हातात घेऊन, वाकवून बघा.

५. गोधडी मॅट. उरलेल्या तुकड्यांसाठी हा हक्काचा. रद्दी कार्डशीटवर ५ × ७ चा चौकोन आखा, त्यावर रंगीत पट्ट्या आणि तुकडे थोडे एकमेकांवर चढवून चिकटवा, मग मागून आखलेल्या रेषेवर कापा. कडा आपोआप सरळ येतात. तुकड्यांच्या जोडावर पांढऱ्या जेलपेनने धावदोऱ्याचे टाके काढले की आजीची गोधडी तयार. बाळाच्या अल्बमला हा मॅट लगेच पसंत पडतो.

६. कापडाचा मॅट. खणाचा तुकडा, इरकलीचा काठ, जुन्या साडीची किनार. शिंप्याकडे कात्रणं सहज मिळतात. कापड कार्डशीटवर टेपने बसवा. गोंद लावला तर रेशमी कापडावर डाग उमटतो. जरीचा काठ असेल तर समोरच्या पानावर बटर पेपर नक्की घाला. अल्बम बंद झाला की जर समोरच्या फोटोवर घासते आणि ओरखडे पडतात. डोहाळेजेवणाच्या किंवा लग्नाच्या अल्बमसाठी ग्राहकाकडूनच त्यांच्या साडीचा तुकडा मागा. तो अल्बम मग दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही.

७. खिडकी मॅट. यात फोटो मॅटच्या मागे बसतो. कागदात ३¾ × ५¾ ची खिडकी कापा, म्हणजे फोटोची प्रत्येक कड १ सूत झाकली जाते. जुन्या, कडेला तुटलेल्या फोटोंसाठी हा उत्तम, कारण तुटकी कड झाकली जाते.

८. खिशाचा मॅट. मॅटच्या तीन कडांना टेप लावून तो पानावर चिकटवा, वरची कड उघडी ठेवा. झाला खिसा. आत चिठ्ठी सरकवा, तिला वर रेशमी दोऱ्याची छोटी गाठ बांधा म्हणजे ओढून काढता येते. निवृत्तीच्या अल्बमात सहकाऱ्यांचे चार शब्द, एकसष्टीच्या अल्बमात नातवंडांची पत्रं अशी ठेवा. लोक फोटो बघतात एकदा, चिठ्ठ्या वाचतात पुन्हा पुन्हा.

९. ठिपक्यांचा मॅट. गडद कागदाचा ४ सूत कडेचा मॅट (५ × ७) घ्या आणि कडेवर पांढऱ्या जेलपेनने रांगोळीचे ठिपके मांडा. चारी कोपऱ्यांत ठिपके जोडून छोटं कमळ किंवा गोपद्म काढा. दिवाळी, गुढीपाडवा, गृहप्रवेश अशा पानांना शोभतो. आधी पेन्सिलने खुणा करा. कोपऱ्यांपासून सुरुवात करून मध्याकडे या, म्हणजे शेवटी ठिपका कमी-जास्त होत नाही.

एका पानावर एकच खास पद्धत वापरा. गोधडी, खण आणि ठिपके एकाच पानावर आले की आपण सुरुवातीला ज्या गर्दीतून निघालो, तिथेच परत पोचतो.

एका शीटमधून किती मॅट?

आता कामाची गोष्ट. नीट वाचा, कारण इथे थेट पैसे वाचतात.

स्क्रॅपबुकची शीट साधारण १२ × १२ इंचाची असते. साध्या मॅटला ४½ × ६½ चा तुकडा लागतो. बहुतेक जण पट्टी ठेवून एकाच दिशेने कापतात आणि त्यांना २ मॅट मिळतात. थोडा विचार करून उरलेल्या पट्टीतून एक आडवा काढला तर ३ होतात. पण त्याच शीटमधून ४ निघतात!

युक्ती भिंगरीची. वर डाव्या कोपऱ्यात तुकडा आडवा आखा, वर उजव्या कोपऱ्यात उभा, खाली उजवीकडे आडवा, खाली डावीकडे उभा. चारही तुकडे कोपऱ्यांना चिकटून बसतात आणि मधोमध ३ × ३ इंचाचा चौकोन उरतो. तोही फुकट जात नाही, अडीच इंचाच्या चौकोनी फोटोला २ सूत कडेचा मॅट होतो.

नियम सोपा आहे: मॅटची लांबी आणि रुंदी यांची बेरीज १२ किंवा कमी असेल तर १२ × १२ मध्ये चार बसतात. ४½ आणि ६½ ची बेरीज ११. अर्धा इंच कडेच्या ५ × ७ मॅटची बेरीज बरोबर १२, म्हणजे तेही चारच निघतात. फक्त तिथे तुकडे एकमेकांना टेकलेले असतात, त्यामुळे आखणी अचूक हवी.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, भिंगरी पेपर ट्रिमरने कापता येत नाही. ट्रिमर आरपार कापतो आणि शेजारचा तुकडा चिरतो. मागच्या बाजूला पेन्सिलने आखून स्टीलची पट्टी आणि कटर वापरा. दुसरी, कागदावर उभी नक्षी असेल तरी काळजी नको. आडवे दोन तुकडे आडव्या फोटोंना वापरा, उभे दोन उभ्या फोटोंना. नक्षी चारही ठिकाणी सरळच राहते.

फोटो ५ × ७ चा असेल तर भिंगरी बसत नाही. २ सूत कडेला कागद लागतो ५½ × ७½, बेरीज १३. मग दोन मॅट शेजारी-शेजारी कापा. खाली १२ × ४½ ची पट्टी उरते, त्यातून ४ × ६ च्या फोटोचा एक मॅट अगदी नेमका निघतो. त्यामुळे ऑर्डरमधले दोन्ही मापांचे फोटो आधी वेगळे मोजा, मगच कापायला घ्या. ए-४ कार्डशीटमधून मात्र ४½ × ६½ चे दोनच निघतात. भाव विचारताना शीटचा भाव बघू नका, त्यातून किती मॅट निघणार ते बघा.

मॅटच्या पोटातला कागद

मॅटचा मधला भाग फोटोखाली झाकलेलाच असतो. तो कुणाला दिसत नाही, मग तिथे चांगला कागद कशाला? ४½ × ६½ च्या मॅटमधून मधला ३½ × ५½ चा तुकडा कापून घ्या. फोटो चिकटवायला चारी बाजूंनी पाव इंच उरतो, तेवढा पुरे.

काढलेल्या तुकड्यावर ३ × ५ चा छोटा फोटो २ सूत कडेने बसतो. किंवा तोच तुकडा आठव्या पद्धतीतल्या खिशाची चिठ्ठी होतो, तेही त्याच रंगाची. शिवाय अल्बम कमी फुगतो, हा वेगळाच फायदा. वीस पानांच्या अल्बमात चाळीस मॅट असतील तर बंद करताना हा फरक हाताला कळतो.

हिशोब: फुकटचा कागद महाग कसा पडतो?

समजा शीट ४० रुपयांची आहे आणि अल्बमात ४० फोटो आहेत. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारातले टाकून बघा. एका शीटमधून २ मॅट काढले तर २० शीट, म्हणजे ८०० रुपये. भिंगरीने ४ काढले तर १० शीट, ४०० रुपये. दिसायला अल्बम तोच आणि ४०० रुपये तुमच्या खिशात.

आता वेळ. समजा तुमच्या एका तासाची किंमत तुम्ही १५० रुपये धरली. साध्या मॅटला ४ मिनिटं लागली तर मजुरी १० रुपये, कागद १० रुपये, एकूण २०. गोधडी मॅटला कागद उरलेला, म्हणजे जवळपास फुकट. पण वेळ २० मिनिटं, मजुरी ५० रुपये. फुकटच्या कागदाचा मॅट साध्या मॅटच्या अडीचपट महाग पडला!

सगळे ४० मॅट गोधडीचे केले तर १३ तास २० मिनिटं नुसत्या मॅटिंगमध्ये जातात. सगळे साधे केले तर २ तास ४० मिनिटं. मधला मार्ग घ्या: ६ खास आणि ३४ साधे. वेळ ४ तास १६ मिनिटं. ग्राहकाच्या लक्षात ते ६ राहतात आणि बाकीचे ३४ त्यांना उठाव देतात. मुखपृष्ठानंतरचं पहिलं पान, मधलं जोडपान आणि शेवटचं पान, खास मॅट तिथे लावा.

घरी काम करणाऱ्या अनेक जणी आपला वेळ हिशोबात धरतच नाहीत. "रिकाम्या वेळात तर करते" असं म्हणतात. त्या वेळात स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, झोप यातलं काहीतरी बाजूला पडलेलं असतं. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा, प्रत्येक पद्धतीचे पाच मॅट करा, सरासरी काढा आणि वहीत लिहा. पुढच्या ऑर्डरचा भाव त्या वहीतून सांगा.

ग्राहकाचा जुना फोटो हातात आला तर

एकसष्टी, सहस्रचंद्रदर्शन, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस अशा अल्बमांना चांगला भाव मिळतो, पण त्यात जुने फोटो येतात. समजा एखाद्या काकूंनी वडिलांचा एकुलता एक फोटो तुमच्या हातात दिला. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. तो खराब झाला तर पैसे परत देऊन भरपाई होत नाही.

म्हणून नियम कायमचा: मूळ फोटो चिकटवायचा नाही. ६०० डीपीआयवर स्कॅन करा, चांगली प्रिंट काढा, प्रिंटवर मॅटिंग करा आणि मूळ फोटो पाकिटात घालून परत द्या. स्कॅन आणि प्रिंटचे पैसे भावात आधीच धरा. मूळ फोटोच लावा असा आग्रह झाला तर फोटो कॉर्नर वापरा. कागदाचे चार कोपरे मॅटला चिकटतात, फोटोला काहीच चिकटत नाही आणि तो हवा तेव्हा काढता येतो. वर खिडकी मॅट ठेवला की कोपरेही झाकले जातात.

फोटोच्या मागे बॉलपेनने नंबर लिहू नका. दाब पुढे उमटतो आणि शाई दुसऱ्या फोटोला लागते. नंबर पाकिटावर लिहा. फोटो घेताना किती घेतले, कोणत्या स्थितीत आहेत, याची मोबाइलवर छायाचित्रं काढून ग्राहकाला लगेच पाठवा. दोघांनाही निर्धास्त वाटतं.

कागद विकत घेताना "अ‍ॅसिड-फ्री, लिग्निन-फ्री" असं लिहिलंय का ते बघा. लिग्निन म्हणजे लाकडातला तो घटक, ज्यामुळे वर्तमानपत्र पडून पडून पिवळं पडतं. तसाच कागद फोटोला वर्षानुवर्षं चिकटून राहिला तर फोटोही डागाळतो. आजच्या स्क्रॅपबुकिंगची लाट अमेरिकेतल्या युटा राज्यातून आली. मॅरिलेन ख्रिस्टेन्सन यांनी १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या जागतिक परिषदेत आपले कौटुंबिक अल्बम मांडले, त्यानंतर तिथे हा छंद झपाट्याने वाढला. फोटो पुढच्या पिढीपर्यंत टिकावेत हा त्यांचा आग्रह होता. सजावटीच्या नादात ही मूळ गोष्ट आपण विसरायला नको.

आणि टिकाऊ कागद वापरताय तर ग्राहकाला ते सांगा. अल्बमच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिहा: कोणता कागद वापरला, अल्बम कुठे आणि कसा ठेवावा. कपाटात, कोरड्या जागी, उन्हापासून लांब. स्वस्तात करून देणारा हे लिहू शकत नाही.

विक्रीसाठी नमुना पान

ग्राहकाला "दुहेरी मॅट करू का खिडकी?" असं विचारलं तर त्याला काही समजत नाही. त्याला दाखवावं लागतं. एकाच फोटोच्या सहा प्रती काढा आणि सहा वेगवेगळ्या मॅटवर लावा. खाली प्रत्येकाचा भाव लिहा. फोटो तोच असल्यामुळे मॅटने काय फरक पडतो तो डोळ्यांना दिसतो, आणि साध्यापेक्षा गोधडी मॅट महाग का, हे समजावत बसावं लागत नाही. त्याच पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगला टाका.

कागदासाठी पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट या घाऊक बाजारांतून एक चक्कर मारा. पहिल्या फेरीत फक्त चार रंग घ्या: मळकट पांढरा, राखाडी, मरून आणि गडद निळा. यावर बहुतेक फोटो बसतात. नक्षीचे कागद ऑर्डर आल्यावर घ्या. घरात पडून राहिलेला सुंदर कागद म्हणजे अडकलेलं भांडवल.

या आठवड्याचं काम

एक १२ × १२ ची शीट घ्या, भिंगरी आखा, चार मॅट कापा, त्यांचं पोट काढा आणि मधल्या चौकोनासकट किती फोटो बसले ते मोजा. आधी रद्दी कागदावर सराव करायला हरकत नाही. वेळ लावून करा. तुमची मिनिटं किती आली आणि त्यावरून एका मॅटचा भाव किती निघाला, ते व्हिडिओखाली नक्की लिहा. भाव लिहायला लाजू नका. भाव ठरवता आला की छंदाचा व्यवसाय होतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत!